ओट्यावरच्या गप्पा आणि हातातला फोन

दूध तापत ठेवलं की आपण काय करतो, खरं सांगा बरं! पूर्वी मी दुधाकडे बघत असे. आता फोनकडे बघते, आणि दूध उतू जातं. परवा पुन्हा गेलं. शेगडी पुसता पुसता मनात आलं, एवढं आपण त्या फोनमध्ये बघत तरी काय होतो? तर अकरा जणींची 'शुभ सकाळ', त्यातल्या चौघींचा गुलाब अगदी एकच, एक उगवता सूर्य, गुडघेदुखीवर एक रामबाण तेल आणि जाऊबाईंच्या भाचीच्या बाळाचे बारशाचे छत्तीस फोटो. यासाठी अर्धा लिटर दूध गेलं!

आमचे हे म्हणाले, "बंद करून टाक ना ते सगळं." म्हणायला काय जातंय? धाकटीच्या शाळेचा निरोप त्यावर येतो. मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवायला जाते, तिथल्या तासांची अदलाबदल त्यावर कळते. सासूबाईंच्या दोन बहिणी, एक बेळगावला आणि एक ठाण्याला, रोज रात्री त्यावरच एकमेकींना भेटतात. बंद करून कसं चालेल? (आणि ह्यांचा स्वतःचा फोन खाली ठेवलेला मी अजून पाहिलेला नाही, पण तो विषय आज नको.)

फोनवरच्या या घोळक्यांतून आपल्या उपयोगाचं काय आणि कसं काढून घ्यायचं, यावर लिहीन लिहीन म्हणत होते. या वेळी मात्र लिहायलाच बसले, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायचा मला अधिकार नाही.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. पूजेची मांडणी व्हायची होती, पोळ्या चालल्या होत्या आणि तेवढ्यात एका मैत्रिणीकडून निरोप आला. रात्री भेंडी उभी चिरून पाण्यात टाकायची, सकाळी ते पाणी उपाशीपोटी प्यायचं, शुगर मुळापासून जाते, मग गोळ्यांची गरजच नाही! तुम्हालाही हा निरोप कधी ना कधी आला असेलच. मी पहिल्या दोन ओळी वाचल्या. एका हाताला कणीक होती. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं मी तो आमच्या घरच्या ग्रुपवर पुढे ढकलला आणि पोळी उलटली. अर्ध्या मिनिटाचं काम! घरच्या ग्रुपवर माणसं त्रेचाळीस.

सासूबाईंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्यांनी पोट बिघडतं अशी त्यांची जुनीच तक्रार होती. त्या रोज सकाळी भेंडीचं पाणी घेतात, हे मी बघत होते. मला वाटलं, घेईनात का, भाजीच तर आहे. गोळ्या थांबवल्या आहेत हे मात्र त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. महाशिवरात्रीच्या सुमारास त्यांना फार थकवा यायला लागला. रात्रीतून चार चार वेळा पाणी पिण्यासाठी उठायच्या. ब्लाऊज खांद्यावर सैल झाले. रक्त तपासलं तर उपाशीपोटीची साखर ३१२. निदान मधुमेहाचं करायचं म्हटलं तरी १२६ हा आकडा पुरतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती दुसरी तपासणी असते ना, तिचा आकडाही असाच भयंकर. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं, तेव्हा त्या गप्प बसल्या. घरी आल्यावर मी देवघराखालचा खण उघडला. त्यात गोळ्यांची पाकिटं ओळीनं होती, एकही गोळी न काढलेली.

मी चिडले. म्हटलं, "आई, असं कसं केलंत तुम्ही?"

त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "तू पाठवलं होतंस ना गं? तू शिकलेली. वाचल्याशिवाय थोडंच पाठवशील?"

मैत्रिणींनो, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तो निरोप लिहिणारा कोण, कुठला, त्यांना माहीत नव्हतं आणि त्याच्यावर त्यांचा विश्वासही नव्हता. त्यांनी विश्वास ठेवला होता माझ्या नावावर. फोनवर आपण फुकटचं पुढे ढकलतो असं आपल्याला वाटतं, पण बरोबर आपलं नाव जात असतं. घरातल्या शिकल्यासवरल्या सुनेचं, बाईंचं, ताईंचं नाव.

डॉक्टरांचं वाक्य अजून लक्षात आहे. ते म्हणाले, "भेंडीच्या पाण्यानं काही बिघडलं नाही हो. बिघडलं ते गोळ्या थांबल्यानं." पुढे काही महिने त्यांना इन्सुलिन घ्यावं लागलं, डोळे तपासून घ्यावे लागले. आता आकडे ताळ्यावर आहेत. गोळ्यांनी पोट बिघडतं ही तक्रारही डॉक्टरांनी ऐकून घेतली आणि औषध बदलून दिलं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी त्या भेंडीच्या नादी लागल्या, तिचा उपाय एका भेटीचा होता.

दुसऱ्या दिवशी मी तो निरोप शोधून काढला. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात दोन बाण होते. ते मी हजारदा पाहिले असतील, अर्थ कधी पाहिला नव्हता. एक बाण असेल तर निरोप दुसरीकडून आलेला, पाठवणाऱ्यानं स्वतः लिहिलेला नाही. दोन बाण असतील तर तो कितीतरी हातांतून फिरून आलेला. असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, ही अट व्हॉट्सॲपनं २०२० साली घातली. पण माझ्यासारखीला एकच ठिकाण पुरलं की! 'सर्वांसाठी डिलीट' करायला गेले, तर ती सोय दोन-अडीच दिवसांपुरतीच. आता तीन महिन्यांनंतर काय उपयोग?

मग एकच उरलं. मी घरच्या ग्रुपवर स्वतःच्या शब्दांत लिहिलं, की अमुक तारखेला मी पाठवलेला निरोप चुकीचा होता, मी तो न वाचता पाठवला, त्यामुळे आमच्याकडे असं असं झालं, कुणी गोळ्या थांबवल्या असतील तर आजच्या आज डॉक्टरांना भेटा. लिहिताना लाज वाटली. सासरच्या त्रेचाळीस माणसांत आपल्या चुकीची दवंडी कोण पिटणार? पण संध्याकाळी पुण्याहून चुलत सासऱ्यांचा फोन आला. "सूनबाई, बरं झालं लिहिलंस. मीही पंधरा दिवसांपासून एक गोळी सोडली होती." नुसतं 'डिलीट' करून गप्प बसले असते, तर?

तेव्हाच एक गोष्ट वाचनात आली, ती तुम्हालाही सांगते. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच आपल्या देशात बंदी आहे. १९५४ चा कायदा आहे, औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा. त्यात ज्या आजारांची यादी दिली आहे, त्यात मधुमेह आहे. जे वर्तमानपत्रात छापायला बंदी, ते आपण पोळ्या लाटता लाटता घरोघर वाटतो!

आता तुम्ही म्हणाल, मग हे ग्रुप काय कामाचे? तर तेच सांगते. आणि यात माझी मलाच जास्त लाज वाटते, कारण ग्रुप कसा चालवायचा हे मला आधीच ठाऊक होतं. पुरानं शिकवलं होतं.

आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांपर्यंत गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या तळमजल्यात पाणी आलं, आम्ही वरच्या मजल्यावर. वीज नाही, फोनची बॅटरी जपून वापरायची, आणि गल्लीच्या ग्रुपवर काय चाललं होतं म्हणता? २००५ च्या पुराचे फोटो आजचे म्हणून फिरत होते. धरणाला तडे गेले, अशी आवई कुणीतरी उठवली. "पाणी वाढतंय", "पाणी उतरतंय" असे निरोप एकाखाली एक. कुठलं पाणी, किती वाजताचं, काही पत्ता नाही. वर "काळजी घ्या" म्हणून हात जोडलेल्या चित्रांची रांग. त्या चित्रांच्या गर्दीत कोपऱ्यावरच्या आजींच्या दम्याच्या औषधाचा निरोप चार तास कुणाला दिसलाच नाही. औषध पोचलं नंतर, होडीतून. पण ते चार तास त्यांच्या सुनेनं कसे काढले असतील, तिचं तिला ठाऊक.

पाणी ओसरल्यावर, चिखल काढून झाल्यावर आम्ही सात-आठ बायका जिन्यात बसलो आणि ठरवलं, की पुराचा ग्रुप वेगळा. त्याला चार गोष्टी लावून दिल्या. पाण्याचा आकडा एकीनंच टाकायचा, तोही पाटबंधारे खात्यानं दिलेला, आणि वेळ लिहून. ज्या निरोपावर वेळ नाही तो शिळा समजायचा. मदत हवी असेल तर घराची खूण, मजला, माणसं किती, औषध कोणतं, हे एकाच निरोपात. उत्तर देणारीनं नुसतं "हो" म्हणायचं नाही, "मी निघाले" किंवा "पोचलं" असं लिहायचं. आणि नमस्कार, गुलाब, श्लोक यांना पुराच्या ग्रुपवर मज्जाव! यावरून एक आजी रागावल्या होत्या, त्यांना दुसऱ्या ग्रुपवर श्लोकांची मुभा दिली.

शिवाय एक यादी केली. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठे बाळंतीण आहे, कुणाला इन्सुलिन लागतं म्हणजे बर्फाची सोय हवी, कुणाच्या गच्चीचा जिना बाहेरून आहे. ही यादी ग्रुपवर मात्र टाकली नाही. दोघींकडे ठेवली. घरातल्या आजारपणाची माहिती दीडशे फोनांवर कशाला? ग्रुपच्या वर्णनात फक्त जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक, रुग्णवाहिकेचा १०८ आणि त्या दोघींची नावं.

दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पातळी पुन्हा ५० फुटांच्या वर गेली. त्या वेळी आमच्या ग्रुपवर तीन दिवसांत जे आलं ते सगळं कामाचं होतं. ४० फुटांवर इशारा, तेव्हाच खालच्या मजल्यावरच्यांनी गव्हाचे डबे आणि कागदपत्रं वर हलवली. तीन आजारी माणसं पाणी दारात यायच्या आधी नातेवाइकांकडे गेली होती. फोन तोच, माणसं तीच.

पुराच्या ग्रुपवर एवढी शिस्त लावणारी मी, घरच्या ग्रुपवर मात्र कणकेच्या हातानं भेंडीचं पाणी वाटत होते. संकट दिसतं तेव्हा आपण शहाण्या असतो, एरवी नाही, असं म्हणायचं का?

असो. त्यानंतर मी स्वतःपुरती एक सवय लावून घेतली. ग्रुपवर काही टाकायचं असेल तर ते मी केलेलं, पाहिलेलं, विचारलेलं असावं. दुसऱ्याचं आयतं पुढे ढकलायचं नाही. पहिले काही दिवस माझ्याकडे टाकायला काही नव्हतंच! मग हळूहळू सुचायला लागलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मी विचारायला लागले.

विचारण्याचीही एक रीत असते बरं का. दिवाळीच्या आधी मी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, "अनारसे हसतात, काय करू?" उत्तरादाखल हसरे चेहरे आले आणि "विकत आणा" असा एक सल्ला. मग मी नीट लिहिलं. तांदूळ कोणता, तीन दिवस भिजवून रोज पाणी बदललं, पिठीच्या किती वजनाला किती गूळ, पीठ किती दिवस मुरलं, आणि तुपात टाकल्यावर नेमकं काय होतं, कडेनं सुटतं की मधोमध फुटून पसरतं. अर्ध्या तासात नागपूरच्या मावशींचं उत्तर आलं. गूळ जास्त झालाय. त्या पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी मळून घे, एकच अनारसा आधी तळून बघ, तूप फार तापवू नकोस, खसखशीची बाजू वर ठेव आणि उलटू नकोस, झाऱ्यानं तूप उडव. दुसरा अनारसा जाळीदार! खुणेसाठी सांगते, विचारताना आपण काय केलं ते सगळं सांगितलं, की उत्तर देणारीला आपल्या स्वयंपाकघरात उभं राहता येतं. शिलाई यंत्राचा दोरा तुटत असो की मुलाला भागाकार जमत नसो, हेच खरं. आणि काम झाल्यावर "झालं हो" असं कळवायचं. सल्ला देऊन वाट बघणारीला तेवढं सुख द्यावं.

फोनवर नुसतं व्हॉट्सॲपच आहे असंही नाही. 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे, म्हणजे माझ्या शाळेच्या दिवसांपासून! तिथे देशोदेशीच्या मराठी बायकांनी पाककृतींवर, बागेवर, मुलांच्या अभ्यासावर केलेल्या चर्चा वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या आहेत. ग्रुपवरचं बोलणं चार दिवसांत वाहून जातं, तिथलं शोधून काढता येतं. मराठी विकिपीडियाही २००३ पासून आहे. आठवीच्या मुलांना मी आपल्या गावाबद्दल त्यावर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं होतं. तिथे कुणालाही भर घालता येते, पण लिहिलेल्याला आधार दाखवावा लागतो. मुलांना ती गंमत फार आवडली. आता मी वर्गात काही सांगितलं की मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "बाई, याला आधार?" मनातून चिडते आणि मग आनंदही होतो.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण दिवाळी आली की घरगुती फराळाच्या ऑर्डरी फोनवरच येतात. शेजारच्या वहिनी चकल्या करून विकतात. अन्नपदार्थ विकायचे म्हणून त्यांनी रीतसर एफएसएसएआयची नोंदणी केली आहे, चकल्यांचे फोटो चांगले काढतात, सगळं व्यवस्थित. एकदा एकानं पंधरा किलोची ऑर्डर दिली, आपण सैन्यात आहोत म्हणाला आणि "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका" म्हणून घाई करू लागला. वहिनींनी भाजणी हाताला लागलीय असं सांगून फोन ठेवला आणि माझ्याकडे आल्या. बरं झालं आल्या. पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही, तो फक्त देताना. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, नवऱ्याला कसं सांगू म्हणून रात्र घालवू नका. लगेच १९३० वर फोन करा. तो सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी क्रमांक आहे, आणि जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त. आणि हो, पोलीस म्हणून व्हिडिओवर दिसणारा कुणी "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, खोलीतून हलू नका" म्हणाला, तर खुशाल हला. असली अटक कायद्यात नाही.

फोनचं आवरायचं कसं, हे बऱ्याच जणी विचारतात. मी काही फार हुशारी केलेली नाही. सेटिंगमध्ये जाऊन, ओळखीच्यांशिवाय कुणी मला ग्रुपमध्ये घालू शकणार नाही, एवढं केलं. फोटो आपोआप उतरणं बंद केलं, त्यानं फोन हलका झाला. तीन ग्रुप सोडून बाकी सगळ्यांचा आवाज बंद. ग्रुप सोडला तर माणसं रागावतात, आवाज बंद केला तर कळतसुद्धा नाही! दूध तापताना फोन बाहेरच्या खोलीत ठेवायचा, हे ठरवलंय. परवा मोडलं, ते वर सांगितलंच. आणि मुलांचे फोटो शाळेच्या नावासकट, गणवेशासकट लावू नका एवढं मात्र मी सगळ्यांना सांगत असते. हौस असते, मान्य आहे. पण घरचा पत्ताच तो.

सासूबाई आता फोनवर माझ्यापेक्षा सावध झाल्या आहेत. बेळगावच्या मावशींनी काही पाठवलं की चष्मा लावून आधी डोक्यावरचे बाण बघतात. दोन दिसले की लगेच बोलून निरोप पाठवतात, "अक्का, हे तू स्वतः करून बघितलंयस का? नसेल तर तुझ्या हातच्या कुंद्याची कृती पाठव." कुंद्याची कृती आली. चार निरोपांत आली, तीही बोलून, मधे कुकरची शिट्टी आणि मावशींचं "थांब गं जरा". ती मी वहीत उतरवून घेतली आहे.

पावसाळा तोंडावर आला आहे. गल्लीची यादी नव्यानं करायची आहे. दोन बिऱ्हाडं नवीन आली आहेत, कोपऱ्यावरच्या आजी गेल्या, आणि पलीकडच्या घरात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. इन्सुलिनच्या रकान्यात या वेळी आमच्या घराचं नाव घालायचं का, असं मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नको, आता गोळ्या आहेत. पण गोळ्या घेते की नाही ते बघायला कोण, तेही लिही." तसं लिहिलं आहे, माझ्या नावासकट.